तांबड्या तेलाचा डबा

धार
ता. २ नोव्हेंबर १९५५

श्री. कृष्णाजीस भगवंताचा रामराम.

तुझी अक्का बरी आहे. गुडघा दुखतो, तो दुखतोच. मी मात्र बरा नाही. दुखणं अंगातलं नाही, गाडीतलं आहे, म्हणून वैद्याऐवजी तुला लिहितो. तू देवासला बसच्या कारखान्यात रोज दहा इंजिनं उघडतोस. मला चौथीपुढे शाळा नाही आणि इथे विचारावं असं कोणी उरलं नाही.

बापूसाहेबांची अमेरिकन गाडी तू मागे बघितली आहेस. तिला क्लच नाही. गियर तिचे तीच बदलते. बापूसाहेबांच्या अंगावरून वारं गेलं, डावा पाय कायमचा लुळा पडला, तेव्हा त्यांनी ही गाडी मुद्दाम मागवली. उजव्या पायाने पळवायची, उजव्यानेच थांबवायची. बाकी घरात त्यांना उचलून खुर्चीत ठेवावं लागतं. गाडीत एकदा बसवलं की मग ते कोणाचं ऐकत नाहीत. दर गुरुवारी स्वतः चालवत तिरल्याच्या मळ्यावर जातात. मी ड्रायव्हर असून शेजारी बसतो, आणि माझा डावा पाय सगळी वाट क्लच शोधत असतो.

आता मुद्दा. दसऱ्याआधी मला गाडीखाली तांबडे थेंब दिसले. रक्तासारखे तांबडे. आपल्या मोटारखान्याची रीत तुला ठाऊक आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळ्या गाड्यांची जुनी तेलं काढायची, नवी घालायची, मग हत्यारांबरोबर पाने-पक्कड मांडून पूजा. संस्थान गेलं, मोटारखाना गेला, बापूसाहेबांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं, तरी रीत मी सोडलेली नाही. यंदाही पाने मांडले, जॅक मांडला, गाडीबरोबर आलेला एक बंद डबा मांडला, नारळ फोडला. या गाडीचं दर वर्षी नुसतं इंजिनाचं तेल बदलतो, पण यंदा थेंब दिसले म्हणून गियरपेटीतलं तांबडं तेलही काढलं गेलं आणि दुसरं घातलं गेलं.

त्यानंतरच्या गुरुवारी गाडी फाटकाबाहेरच्या चढावर घुरघुरत उभी राहिली. बापूसाहेबांनी पाय दाबला होता, पण गाडी हलेना. मग उशिरा झटका खाऊन निघाली. त्यांनी मळ्याचा बेत सोडला. गाडी वळवली, घरी आले, आणि तेव्हापासून बाहेर निघालेले नाहीत.

अशा बिनक्लचच्या गाडीत कोणतं तेल घालतात ते लगेच कळव. पत्र माझ्याच नावाने टाक. बापूसाहेबांच्या हातात पडू नये.

भगवंत

~

देवास
ता. ९ नोव्हेंबर १९५५

दाजींस दंडवत.

पत्र वाचून आमच्या कमलला म्हणालो, दाजींनी तीन पानं लिहिली आणि कामाची एकच ओळ चोरून ठेवली. दाजी, तेल "काढलं गेलं" आणि "घातलं गेलं" हे काय? गाडीने स्वतःच अंघोळ करून घेतली का? कोणी घातलं, कोणतं घातलं, आधी सांगा.

इथे विचारलं. बिनक्लचची गाडी देवासात कोणी उघडलेली नाही. त्यामुळे मत मात्र प्रत्येकाला आहे. आमचे गणपतराव मिस्त्री म्हणतात, तांबडं म्हणजे ब्रेकचं तेल, तेच भरा. दुसरा म्हणतो, एरंडेल घाला, पोटाला चालतं ते गाडीला का चालणार नाही. पीपलरावां गावचा एक ट्रकवाला चहा पीत होता, तो म्हणाला, "भिया, शिलाई मशीन को तेल डाल दो, पतलो रे।" मी म्हटलं, गियरपेटीत बसतं पाच-सहा शेर, एवढी शिवणयंत्रं कुठून पिळू?

माझं स्वतःचं मत विचाराल तर पातळ इंजिन-तेल. पण खात्री नाही. म्हणून काहीही घालू नका. अक्काच्या गुडघ्याला शेकायला सांगा.

कृष्णाजी

~

धार
ता. २१ नोव्हेंबर १९५५

श्री. कृष्णाजीस रामराम.

दिवाळी झाली. करंज्या तुझ्या अक्काने केल्या, मला गोड लागल्या नाहीत.

तुझ्यापासून काय लपवायचं. तेल मीच काढलं आणि मीच घातलं. गियरचं घट्ट काळं तेल घातलं, मधासारखं पडतं ते. तीस वर्षं संस्थानच्या लॉऱ्यांत तेच घालत आलो. मला वाटलं, तेल कधी तांबडं असतं का? आत काहीतरी गंजलं असेल, त्याचा रंग उतरला असेल. चांगलं तेल मी नासलेलं समजून नाल्यात ओतलं.

तू कळवलेलं सगळं वाचून डोकं फिरलं. ब्रेकचं की एरंडाचं की शिवणयंत्राचं? पातळ इंजिन-तेल बाटलीभर आणून ठेवलं आहे. दोनदा बूच उघडलं, दोनदा लावलं. समजा तेही चुकीचं निघालं तर? एका चुकीवर दुसरी घालायला मन होत नाही.

थंडी पडायला लागली तशी गाडी जास्तच आळसावली आहे. मी सकाळी चालू करून बघतो. दांडी पुढे टाकली की शंभर मोजेपर्यंत नुसती गुरगुरते. ऊन चढलं की थोडी बरी.

बापूसाहेब खिडकीत बसून असतात. गुरुवारी मी गाडी पुसून उभी केली. म्हणालो, "साहेब, तिरल्याला हरभरा पेरलाय, बघायला यायचं ना?" म्हणाले, "आज नको." पुढच्या गुरुवारीही "नको." माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना समजलेलं दिसतंय, असं वाटतं, आणि समजलं नसावं, असंही वाटतं. सारखं नारायण तेल मागतात आणि माझ्याकडून उजवा पाय चोळून घेतात. मी खाली मान घालून चोळतो. एरवी माझी थट्टा करायचे, आता तेही बंद आहे. रागावलेला मालक ओरडला तर बरं असतं रे. हा गप्प बसला आहे.

तूच काहीतरी कर. इंदूरला जाऊन ये.

भगवंत

~

देवास
ता. ४ डिसेंबर १९५५

दाजींस दंडवत.

सुटी काढून इंदूरला गेलो होतो. मोटारीच्या सामानाची चार दुकानं फिरलो. पहिल्याने ब्रेकचं तेल दाखवलं. दुसऱ्याने इंजिनाचं. तिसऱ्याने मला बसायला स्टूल दिलं, चहा पाजला आणि म्हणाला, असली गाडी जगात नसतेच, तुम्हाला कोणीतरी बनवलं आहे.

चौथ्या दुकानात एक म्हातारा पारशी गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, या गाड्यांना खास तेल येतं, तांबडं असतं, आणि घट्ट तेल घातलं तर गाडी अशीच वागणार. माझा जीव भांड्यात पडला. पण पुढे म्हणाले, त्यातही प्रकार आहेत. जुन्या डब्यावर काय लिहिलं होतं ते सांगा, म्हणजे मुंबईला तेच लिहून मागवतो. अंदाजाने मागवणार नाही.

तेव्हा दाजी, गाडीबरोबर काही डबा, बाटली, पुस्तक आलं होतं का? इंग्रजी वाचता येत नसेल तर अक्षरं चित्रासारखी काढून पाठवा. बापूसाहेबांकडच्या इंदूताई कॉलेजात जातात ना? त्यांना वाचायला सांगा. आणि माझं ऐकाल तर बापूसाहेबांना सरळ सांगून मोकळे व्हा. ते काय खाणार आहेत का तुम्हाला?

कृष्णाजी

~

धार
ता. १५ डिसेंबर १९५५

श्री. कृष्णाजीस रामराम.

खाणार नाहीत, ते मलाही कळतं. पण कसं सांगू? मोटारखाना गेल्यावर उरलेला शेवटचा माणूस त्यांनी सांभाळला. त्यांचे पाय माझ्या हवाली होते आणि ते मी मोडले. हे तोंडातून निघत नाही. इंदूताई त्यांची नात. तिला विचारलं की पाच मिनिटांत त्यांना कळणार.

पुस्तक आलं होतं, ते बापूसाहेबांच्या कपाटात आहे. रिकामा डबा एकही नाही. भरलेला एक आहे, घासलेटच्या डब्याएवढा, पण त्याचा उपयोग नाही, कारण तो पूजेतला आहे. गाडी आली त्या वर्षी मोटारखान्याचे जुने कारखानीस, म्हणजे आमचे मुख्य, गोपाळराव यांनी तो लाल फडक्यात बांधून खंडेनवमीला हत्यारांत मांडला. मी विचारलं, यात काय आहे? म्हणाले, "हात लावू नकोस. वेळ आली की मी सांगेन." आणि वेळ येण्याआधी वारले. मी चार वर्षं त्याला हळदकुंकू वाहतो. वर एवढा थर बसला आहे की खालचं काही दिसत नाही. पूजेतली वस्तू मध्येच उघडायची नसते, हे तुलाही माहीत आहे. गाडी धुवायचा साबण असेल.

आता खरी वाईट बातमी ऐक. इंदूरहून भैयासाहेबांचं, म्हणजे बापूसाहेबांच्या पुतण्याचं, पत्र आलं. संक्रांतीला येऊन ते गाडी घेऊन जाणार आहेत. कायमची. आणि हे बापूसाहेबांनीच त्यांना लिहिलं होतं! "मला आता तिचा उपयोग नाही," असं. मी तिथेच उभा होतो. माझ्यावर इतका राग, की गाडीच नको झाली?

काल वैद्य आले होते. उजव्या पायाला टाचणी टोचून बघायला सांगत होते बापूसाहेब. मला बाहेर जायला सांगितलं.

मी काय करू, कृष्णाजी? ते इंजिन-तेल घालून बघू का? संक्रांतीला एक महिना आहे.

भगवंत

~

देवास
ता. २० डिसेंबर १९५५

दाजींस दंडवत.

घाईत लिहितो. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचत होतो. कमल भाकरी थापत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "थांबा. त्यांचा डावा पाय गेलाय ना? मग उजव्याला तेल का चोळतात? उजव्याला टाचणी का?"

दाजी, मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि तुम्हाला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. बापूसाहेबांनी चढावर पायडल दाबलं आणि गाडी गेली नाही. तेल बदललंय हे त्यांना ठाऊक नाही. मग त्यांना काय वाटलं असेल? गाडी बिघडली असं नाही. पाय गेला असं. उरलेला पायही गेला.

ते तुमच्यावर रागावलेले नाहीत हो. ते घाबरले आहेत.

दुसरं. दहा-बारा शेर तेल मावेल असा बंद डबा, गाडीबरोबर आलेला, कारखानिसांनी जपून ठेवलेला. साबण? दाजी, ज्यासाठी मी इंदूर पालथं घातलं त्याला तुम्ही चार वर्षं नारळ फोडताय.

आजच सांगा. उद्या नाही.

कृष्णाजी

~

धार
ता. ३ जानेवारी १९५६

श्री. कृष्णाजीस व सौ. कमलला रामराम. तिला माझा वेगळा रामराम सांग.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हिंमत झाली नाही. त्यानंतरचे चार दिवसही नाही. पाचव्या दिवशी सकाळी नारायण तेल घेऊन गेलो, त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि चोळता चोळता बोललो. तोंडाकडे बघून बोलता आलं नसतं.

म्हणालो, "साहेब, गाडीत मी चुकीचं तेल घातलंय."

"कधी?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिवशी."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "म्हणजे त्या गुरुवारच्या आधी?"

"होय."

"त्या चढावर मी पायडल दाबलं होतं? खाली गेलं होतं?"

"पार तळाला गेलं होतं, साहेब. मी शेजारी बसून बघत होतो. इंजिन पळत होतं, चाकं पळत नव्हती."

माझ्या मांडीवर त्यांचा अंगठा हलला. पुन्हा हलला. मी वर बघितलं तर ते रडत होते की हसत होते, मला समजलं नाही. म्हणाले, "भगवंत, दोन महिने रोज सकाळी मी हा अंगठा हलवून बघतोय. हलतो. मला वाटायचं, हलतो असं फक्त मला वाटतंय. डावा गेला तेव्हाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं होतं."

मी पायावर डोकं ठेवलं. मग मात्र ते ओरडले. इतक्या दिवसांनी ओरडले, कानाला बरं वाटलं. "गाढवा, मला विचारायला तोंड नव्हतं?"

"होतं साहेब, पण ते देवासला पत्रं लिहीत होतं."

इंदूताई आवाज ऐकून धावत आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चला, डबा दाखवा." आणि तिथे मी अडलो. हळदकुंकवाखालचा डबा खरवडायचा कसा? बापूसाहेब म्हणाले, खरवड. मी म्हणालो, साहेब, हात उचलत नाही. मग तुझी अक्का, जिला मी कधी मोटारखान्याच्या बाबतीत काही विचारलं नाही, ती दारातून म्हणाली, "गणपती पाण्यात सोडता तेव्हा उचलतो ना हात? उत्तरपूजा करा आणि हलवा."

कोणाच्या डोक्यात आलं नाही ते तिच्या आलं. स्नान केलं, डब्यावर अक्षता वाहिल्या. मंत्राचं शेवटचंच मला येतं, पुनरागमनाय च, तेवढं म्हटलं आणि डबा जरासा सरकवला. इंदूताईंनी अर्थ सांगितला, पुन्हा यावं म्हणून. मग कोमट पाण्याने फडकं सोडवलं, थर धुतला. खाली पहिलं अक्षर तंबूसारखं, मध्ये आडवी दोरी बांधलेलं. मी चित्र काढायला कागद घेतला होता. इंदूताई म्हणाल्या, "भगवंतमामा, इसमें तो सब साफ लिखा है. आपोआप गियर बदलणाऱ्या पेटीचं तेल, प्रकार ए. दुसरं कोणतंही तेल यात मिसळू नये." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी.

बूच उघडलं. तांबडं. डाळिंबाच्या रसासारखं स्वच्छ तांबडं.

मग पुस्तक काढलं. त्या वाचतील तसं मी करत गेलो. गाडी तापवून माझं काळं तेल काढलं. निम्मा डबा घालून गाडी चालू ठेवली, आतून धुऊन घेतली, तेही काढलं, मग उरलेलं घातलं. आणखी एक ऐक. मी जन्मभर तेलाची काडी इंजिन बंद करून बघत आलो. या गाडीच्या गियरपेटीची काडी इंजिन चालू ठेवून, गरम असताना बघायची. म्हणजे खंडेनवमीला तेल भरलं तेव्हा तेही मी चुकीचंच बघितलं. अजून काय काय चुकलं असेल, देव जाणे.

गुरुवारी चढावर नेऊन बघणार आहेत. भैयासाहेबांना अजून कळवलेलं नाही. मी म्हणालो, तार करा. तर हसले नुसते. मला काळजी वाटते. डब्यात चार वर्षांत तेल मुरलं असेल तर? मुरलेलं तेल चांगलं की वाईट? त्या पारशी गृहस्थांना विचार. डब्यावरची अक्षरं सोबतच्या कागदावर इंदूताईंनी लिहिली आहेत. तसाच एक डबा मुंबईहून मागव.

भगवंत

~

देवास
ता. ९ जानेवारी १९५६

दाजींस दंडवत.

पारशी गृहस्थ म्हणाले, बंद डब्यातलं तेल मुरत नाही, लोणचं नव्हे ते. डबा मागवला आहे. आला की या वेळी कपाटात ठेवा, देवात नको.

अक्काला माझं साष्टांग. कमल म्हणते, दोन्ही वेळा बायकांनीच सोडवलं, तेव्हा संक्रांतीचे तिळगूळ त्यांना आधी.

गुरुवारचं लगेच कळवा. इथे बसच्या कारखान्यात सगळे रोज विचारतात. गणपतराव मिस्त्री अजून ब्रेकच्या तेलावरच अडून बसले आहेत.

कृष्णाजी

~

धार
ता. १७ जानेवारी १९५६

श्री. कृष्णाजीस रामराम.

गुरुवारी मी गाडीत बसलोच नाही. बसवेना. फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिलो. बापूसाहेबांनी दांडी टाकली, पाय दाबला. माझे डोळे मिटलेले. उघडले तेव्हा गाडी चढाच्या वर होती आणि हॉर्न वाजवत होती.

संक्रांतीला भैयासाहेब आले. संगती ड्रायव्हर आणला होता, गाडी न्यायला. जेवणं झाली, तिळगूळ झाले. बापूसाहेब म्हणाले, "मला गाडीत बसवा." भैयासाहेबांना वाटलं, शेवटचं बसायचं असेल. त्यांनीच एका बाजूने धरलं. मग बापूसाहेब आतून म्हणाले, "बसा, भैया. तुम्हाला आणि तुमच्या ड्रायव्हरला इंदूरच्या मोटारीपर्यंत सोडतो. स्टँड जवळ आहे, पण मी जरा तिरल्यावरून नेईन." भैयासाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढे बसण्यासाठी मी दाराला हात घातला तर बापूसाहेब म्हणाले, "तू नको. तुझा डावा पाय फार बडबडतो."

तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझी थट्टा केली.

गाडी गेली. फाटकातून वळली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, पुनरागमनाय च. तुझी अक्का मागेच होती. म्हणाली, "येतील हो, रात्रीच्या जेवणवेळेला येतील." आणि आलेही.

आता खरं काम. गाडी उभी होती त्या जागी मी वाकून बघितलं. फरशीवर एक थेंब होता. बोटावर घेतला. तांबडाच होता. मी उगाच आनंदाने तिथेच खाली बसलो. पण मग विचार आला, थेंब पडला म्हणजे कुठून तरी गळतंय. गळणं बरं नाही. पण न गळतं तर तेल आत आहे की नाही हे मला कळलं कसं असतं?

त्या पारशी गृहस्थांना विचारून कळव. पत्र बापूसाहेबांच्या नावानेच टाक. दोघे मिळून वाचू.

भगवंत